भार चाकांवर असताना

“साहेब, गाडी एकदाही वळवून न बघता तुम्ही तिला नापास केलंत! डोळे आहेत की नुसताच शिक्का?”

तपासणी केंद्राच्या रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. गेटवाली बॉनेट उघडून उभी होती. लोखंडी फाटकं करणं हा तिचा धंदा, म्हणून हे नाव. पुढच्या दोन शॉकअ‍ॅब्सॉर्बरची डोकी जोडणारा आडवा पाईप तिनं स्वतः वेल्ड केला होता. तेव्हापासून गाडी वळणावर शहाण्यासारखी वागायची.

“घरगुती काम आहे. काढून टाका,” साहेब म्हणाले नि चालते झाले.

“अहो… ही काठी माझ्या गाडीला बसेल?” मागून हलकेच प्रश्न आला.

केकवाला होता. हातात खोका, खोक्यात केकचा कोसळलेला वरचा मजला. “मी स्टिअरिंग वळवतो, गाडी मागाहून विचार करते. मी दचकून झटका देतो, नि… हे बघा. आता गिऱ्हाइकं तुटायला लागलीत.”

“काठी नाही, ब्रेस!” ती फणकारली. हसू मात्र दाबता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वारी पाईप कापून, भोकं पाडूनच तिच्या कारखान्यात हजर! एक बोल्ट बसेल तर शपथ.

“माप घेताना गाडी जॅकवर होती ना?”

“हो… नीट दिसावं म्हणून.”

“चाकं लोंबकळत असली की सांगाडा वेगळाच पसरतो, महाराज. माप घ्यायचं ते भार चाकांवर असताना.”

“भोक जरा मोठं करू?”

“मग पाईप सरकेल. शोभेला ठेवायचाय का?”

तो ओशाळला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडलेल्या केकवरून गिऱ्हाईक तोंड सोडत होतं. त्यानं गाडीला दोष दिला नाही, रस्त्याला नाही. “चूक माझी. संध्याकाळी नवा आणतो,” एवढंच म्हणाला. गेटवालीच्या हातातला टेप जागीच थांबला…

गाडी जमिनीवर उतरवून तिनं पुन्हा माप घेतलं. त्यानं पाईप धरला, तिनं वेल्डिंगचे टाके मारले. वेल्डिंगच्या काचेआडूनही तिला त्याचे लाल झालेले कान दिसत होते. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

नवा केक तयार झाला तसे दोघे आपापली गाडी घेऊन थेट केंद्रावर गेले. “बसा साहेब. केक मांडीवर घ्या,” केकवाल्याच्या गाडीचं दार उघडत गेटवाली म्हणाली.

“मी?”

“मग काय शिक्क्यानं चाचणी घेणार?”

रांग खो-खो हसली. साहेब बसले. केंद्रामागच्या नागमोडी रस्त्यानं गाडी गेली नि आली. केक ताठ होता, साहेबही. त्यांनी दोन्ही गाड्यांच्या ब्रेसच्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं. “चालेल.”

“‘चालेल’ नाही साहेब, ‘पास’ म्हणा!”

“…पास.”

गेटवालीची मान अशी ताठ झाली, जणू गावभरची फाटकं तिनंच उघडली होती. मग ती केकवाल्याकडे वळली.

“भार अंगावर असताना पाहिलंय मी तुला. वाकला नाहीस. माझ्याशी लग्न करशील?”

त्याचे कान पुन्हा लाल झाले. “इथं…? रांगेत…?”

“साहेबांना बोलतं केलं, तुला सोडते होय? हो की नाही, बोल!”