रिकाम्या सीटचा पट्टा

फ्लाइंग क्लबला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि सेक्रेटरीबाईंनी स्मरणिका काढायचं मनावर घेतलं होतं. त्यांनी काही मनावर घेतलं की दुसऱ्यांच्या डोक्याला ताप ठरलेला. फळ्यावर प्रश्न लिहिला गेला, 'तुम्हाला कोणतं छोटं विमान चालवायला सर्वांत आवडतं, आणि का?' खाली बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला गेला. डब्यातल्या चिठ्ठ्यांची स्वच्छ नक्कल करायचं काम मेस्त्रींच्या गळ्यात पडलं, कारण चहाची किटली विमानं ठेवायच्या त्यांच्या हँगरमध्ये होती आणि अक्षरही त्यांचंच बरं होतं.

मेस्त्री क्लबच्या विमानांची देखभाल करायचे, एकवीस वर्षं झाली. त्या दुपारी मात्र त्यांचं कशात लक्ष नव्हतं, कारण त्यांची मुलगी आज पहिल्यांदा एकटी उडणार होती. सगळा क्लब तिला चिमणी म्हणायचा. उड्डाणाआधी प्रत्येकाचं वजन करून फळ्यावर लिहायची पद्धत होती. तिच्या नावापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, एक्कावन्न.

"बाबा, तोंड असं काय केलंय? उडणार मी आहे."

"विमान कोणतं दिलंय?"

"मावशी. दुसरं कोणतं?"

मावशी म्हणजे क्लबमधलं सर्वांत जुनं विमान. दोनच सीटा, शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे, दोघांचे खांदे एकमेकांना लागणार. एक नवंकोरं विमानही होतं, त्याला टोळ म्हणत, पण टोळाकडे कुणी ढुंकून बघत नसे. मावशी मोकळी होईपर्यंत लोक दोन-दोन कप चहा पीत थांबायचे. मावशी चुका पोटात घालते, असं जो तो सांगायचा.

मेस्त्रींनी मावशीची एक गोष्ट दोन वर्षं स्वतःच्या पोटात ठेवली होती. विमानाचं ठरावीक वर्षांनी वजन करावं लागतं. तिन्ही चाकांखाली एकेक काटा ठेवायचा आणि तीन आकड्यांची बेरीज करायची. दोन वर्षांपूर्वी मावशी कागदावरच्या वजनापेक्षा चोपन्न किलो जास्त भरली. त्यांनी टाक्या उपसल्या, सीटा काढल्या, खालचं जाजम काढून झटकलं. जाजमाला ओल्या लोकरीसारखा वास होता, बाकी काही नाही. तीनदा वजन केलं, तिन्ही वेळा चोपन्न जास्त. काटा बिघडलाय असं म्हणून त्यांनी जुनाच आकडा लिहिला आणि खाली सही ठोकली. पुढच्या महिन्यात काटे तपासून आले, तर ठणठणीत! पण तोवर सही होऊन गेली होती, आणि खोटी सही करणाऱ्याला कामावर कोण ठेवणार? तेव्हापासून ते मावशीत गुपचूप थोडं कमी इंधन भरायचे.

आज चिमणी एकटी, म्हणजे वजनाचा प्रश्नच नाही, असं त्यांनी स्वतःला दहा वेळा बजावलं. मग हात गुंतवायला म्हणून डबा उघडला. बाहेर ऊन निवलं होतं. मावशी चिमणीला आणि कॅप्टनना घेऊन फेऱ्या मारत होती. कॅप्टन क्लबचे शिक्षक. आणखी एक फेरी बरोबर बसून ते उतरणार आणि तिला एकटीला सोडणार होते.

एकोणीस चिठ्ठ्या होत्या. अठरांत मावशी.

'वाऱ्यात डगमगत नाही. एकट्याने नेली तरी भरल्यासारखी चालते,' असं दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. मेस्त्रींनी निमूटपणे नक्कल केली.

पुढची बँकेतल्या बाईंची. 'उतरताना माझा हात नेहमी चुकतो. मावशीत चुकायला लागला की दांडा आपणहून बरोबर जागी येतो.'

मेस्त्रींचं पेन थांबलं. दांडा आपणहून येत नसतो. दोन सीटांपुढे विमान चालवायचे दोन दांडे असतात, आतून एकमेकांना जोडलेले. डावा हलला की उजवा हलतो. आणि उजवा हलवला की डावा.

'थंडीतसुद्धा उजव्या बाजूने ऊब येते.' उजव्या बाजूला हीटर नव्हता. 'भिजलेल्या स्वेटरचा वास येतो, लहानपण आठवतं.' 'एकटं गेलं तरी एकटं वाटत नाही.' प्रत्येकाने आपलं आपलं लिहिलं होतं, आपल्यालाच तसं वाटतं अशा समजुतीने. सगळं एका जागी वाचणारे मेस्त्री पहिलेच होते.

मावशीच्या नावावर एकही अपघात नव्हता. तिच्यात कधी कुणी दगावलं नव्हतं. मग हे काय होतं?

शेवटच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. 'टोळ. कारण त्यात शेजारून माझ्याकडे कुणी बघत नाही.'

 मेस्त्री तसेच उठले आणि चिठ्ठी मुठीत धरून धावत सुटले. लांब, धावपट्टीच्या टोकाला मावशी उभी होती. कॅप्टन उतरले होते आणि उजव्या दारातून आत वाकून रिकाम्या सीटचा पट्टा बांधत होते. तो बांधावाच लागतो, नाहीतर लोंबता पट्टा दांड्यात अडकतो. त्यांनी दार लावलं आणि अंगठा दाखवला.

"थांबवा! कॅप्टन, थांबवा तिला!"

इंजिनाच्या आवाजात कोण ऐकणार? मावशी धावायला लागली. एकटं माणूस असलं की विमान पहिल्या पांढऱ्या खुणेपाशीच उचललं जातं. पहिली खूण गेली. दुसरीही गेली. मग कुठे चाकं जमिनीवरून सुटली, आत दोघं असल्यासारखी.

"मेस्त्री, काय झालं?" कॅप्टन विचारत होते.

मेस्त्रींना धाप लागली होती. दोन वर्षांची गोष्ट एका दमात बाहेर पडली. "मावशी चोपन्न किलो जड आहे. मी खोटं लिहिलंय... माझी नोकरी गेली तरी चालेल, पण पोरीला खाली उतरवा."

कॅप्टन रागावले नाहीत. ते आकाशाकडे बघत राहिले.

"माहीत आहे मला," ते हळूच म्हणाले. "सहा वर्षं झाली. मला वाटायचं, तुम्हालाच माहीत नाही."

"आणि तरीही तिला..."

"अहो, त्याने कधी कुणाचं वाईट केलं नाही. उलट सांभाळूनच घेतो. म्हणून तर पोरांना एकटं सोडायला मला भीती वाटत नाही. फक्त तो पट्टा दोन बोटं सैल ठेवायचा. आवळलेला त्याला..." कॅप्टन बोलता बोलता थांबले. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मेस्त्री... मी आज घाईत आवळला."

पुढची सहा मिनिटं दोघं धावपट्टीच्या कडेला मान वर करून उभे होते. मावशी वळली, लांबून एकसारखी घरघरत गेली, पुन्हा वळली. मग हळूहळू खाली आली आणि अशी अलगद टेकली की कॅप्टननाही जमलं नसतं. मेस्त्रींना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

चिमणीने दार उघडलं. गालांवर लाली, डोळे चमकत होते. उजव्या सीटवरचा पट्टा सुटून लोंबत होता.

"पट्टा तू सोडलास?" कॅप्टननी विचारलं.

"मी कशाला हात लावू? शेवटच्या वळणावर खट्ट वाजलं आणि सुटला. मग एकदम गरम व्हायला लागलं, कुणी अंगावर शाल घातल्यासारखं."

मेस्त्रींनी मावशी तशीच हँगरमध्ये ओढून घेतली. टाक्या रिकाम्या केल्या, तिन्ही चाकं काट्यांवर चढवली. बेरीज एकदा केली, दुसऱ्यांदा कॅप्टनकडून करवून घेतली. वजन कागदावरच्यासारखं होतं. एक किलो इकडे नाही की तिकडे नाही.

"गेला!" कॅप्टन मटकन स्टुलावर बसले आणि हसायला लागले. "मेस्त्री, सुटलात तुम्ही. तुमची सही खरी झाली!"

मेस्त्रीही हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना छातीभर श्वास घेता आला. त्यांनी मावशी काट्यांवरून खाली ढकलली आणि काटे उचलायला वाकले. तेवढ्यात चिमणी उड्या मारत आली आणि गंमत म्हणून एका काट्यावर उभी राहिली.

"बाबा, तुमचा काटा बिघडलाय हो."

आकडा एकशे पाच होता.

"उतर," मेस्त्री म्हणाले. ती उतरली. ते स्वतः चढले. बहात्तर. सकाळीही बहात्तरच होतं. "आता तू परत चढ बरं."

एकशे पाच.

कॅप्टनचं हसू विरलं. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि टोपी उचलून बाहेर निघून गेले. मेस्त्रींना त्यांचा भयंकर राग आला. पण त्यांना हाक मारून काय सांगणार होते?

"चल, घरी जाऊ," ते म्हणाले. "आई वाट बघत असेल."

त्यांनी मोटरसायकल काढली, स्वतःच्या हाताने चिमणीच्या हेल्मेटचा पट्टा लावून दिला. ती मागे बसली तसं मागचं चाक खचकन दबलं आणि टायर वर घासायला लागला. फाटकापुढचा छोटा चढ ते रोज तिसऱ्या गिअरमध्ये चढायचे. आज पहिला घालावा लागला. वारा समोरून येत होता, तरी ओल्या लोकरीचा वास मागूनच येत होता.

"बाबा," चिमणी झोपाळल्या आवाजात म्हणाली, "जरा पुढे सरका ना... दाटी होतेय."

मेस्त्रींनी आरशात पाहिलं. आरशात चिमणीच होती, डोळे मिटलेली, दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरलेली. ते पेट्रोलच्या टाकीला पोट टेकेपर्यंत पुढे सरकले.

मागे खट्ट असा आवाज झाला, पट्टा अडकवल्याचा. एकवीस वर्षं तो आवाज रोज ऐकत आलेल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागला नाही. मोटरसायकलच्या सीटला पट्टे नसतात.