खाली जाऊ नका

निवती बंदराच्या कडेला फिलोमिना डिसोझाची पत्र्याची शेड होती. आत हवेच्या टाक्या भरायचं यंत्र सतत धडधडत असे, दोरीवर ओले काळे पोशाख वाळत असत, आणि दाराशेजारच्या भिंतीवर एक काचेची चौकट बसवलेली होती. हौशी पाणबुड्यांनी त्या चौकटीसमोर उभं राहून अपघात विमा निवडल्याशिवाय त्यांना टाकी द्यायची नाही, असा आता कायदाच होता.

मृण्मयी चौकटीसमोर उभी राहिली आणि सांगितल्याप्रमाणे तिने नळीत दीर्घ श्वास सोडला. तिच्या हृदयाची धडधड काचेवर उमटली. शेजारी कैवल्यची. कोल्हापुरात मृण्मयीचा दातांचा दवाखाना होता आणि कैवल्य तबला शिकवत असे. दर हिवाळ्यात सईला आजीकडे ठेवून दोघं समुद्रात उतरायला कोकणात येत. नऊ वर्षांच्या सईला या गोष्टीचा भयंकर राग होता.

"तुमच्यासाठी दोन पर्याय आहेत," चौकट म्हणाली. आवाज बाईचा होता, समजूतदार. "साध्या विम्यात अपघातानंतर चौकशी होते आणि मग भरपाई. जोडविम्यात अपघात घडत असतानाच मदत सुरू होते. त्यासाठी दोघांनाही पाण्यात सूचना देणारा सोबती मास्क लावावा लागेल."

"साधा," कैवल्य लगेच म्हणाला. "दिवसभर पोरांचे चुकलेले ठेके ऐकतो मी. पाण्यात तरी कुणी कानाशी बोलू नये."

फिलोमिना टाकीची तोटी आवळत होती. तिने मान वर केली. "साहेब, माझा ऐका. जोडविमो घेवा."

सोबती मास्कच्या पट्ट्यात, कानामागे टेकणारी एक चकती होती. ती ध्वनिलहरींनी रक्तातले बुडबुडे मोजत असे. पाण्याच्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन वायू रक्तात मुरतो. माणूस घाईने वर आला की सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे त्या वायूचे बुडबुडे होतात, आणि ते सांध्यांत, मज्जारज्जूत, मेंदूत अडकतात. फिलोमिनाचा भाऊ आंतोन त्यानेच गेला होता. तेव्हा असल्या चकत्या नव्हत्या.

"सोबती इल्यापासून माझ्या शेडीतलो एक माणूस दगावलो नाय," ती म्हणाली. "हेलिकॉप्टर, बुडबुडे जिरवणारी गोव्यातली दाबकोठडी, सगळा ताबडतोब. साध्या विम्यात फोन करत बसा."

"एक अट आहे," चौकटीने सांगितलं. तिने काहीच लपवलं नाही. "पाण्यात सोबतीची सूचना पाळावी लागेल. जो ती मोडेल, त्याचं संरक्षण त्या क्षणी संपेल."

"म्हणजे आणखी एक मास्तरीण," कैवल्य हसला.

"कैवल्य, घरी सई आहे," मृण्मयी म्हणाली.

एवढं म्हटल्यावर त्याचं हसू ओसरलं. त्याने काचेवर तळवा टेकवला. जोडविमा झाला.

घोडखडक बंदरापासून बराच आत होता. वर नुसता पाणकावळ्यांच्या विष्ठेने पांढरा झालेला सुळका, पण पाण्याखाली त्याची पश्चिमेची बाजू भिंतीसारखी सरळ खाली जाई आणि मग दिसेनाशी होई. दशरथ तांडेलने होडीचा नांगर टाकला. फिलोमिना सकाळीच दुसऱ्या पर्यटकांबरोबर दोनदा उतरली होती, म्हणून ती स्वतःचा सोबती कपाळावर सरकवून होडीतच थांबली; खालची खबर तिला त्यातूनच कळणार होती.

पाणी नितळ होतं. भिंतीवर पंख्यासारखी जांभळी पोवळी हलत होती आणि पोपटमासे खडक कुरतडत होते. त्यांच्या दातांचा कुरकुर आवाज ऐकून मृण्मयीला नेहमीसारखं हसू आलं. तिच्या काचेच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. ते कैवल्यचं हृदय. संथ, समेवर आल्यासारखं. सोबती गप्प होता. कैवल्यने वळून अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली. सगळं ठीक.

मग मासे एकदम खडकाला चिकटले.

मृण्मयीला ते नवल वाटलं, आणि तेवढ्यात तिच्या तोंडातून निघालेले बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली जाताना तिला दिसले. भिंतीवरून पाणी खाली कोसळत होतं, समुद्राच्या पोटात धबधबा सुरू व्हावा तसं. तिने दोन्ही हातांनी खडकाचं पुढे आलेलं टोक पकडलं. कैवल्य भिंतीपासून थोडा लांब होता, त्याच्या हाताला काहीच लागलं नाही. तो तिच्या डोळ्यांसमोरून खाली गेला. पाय मारत, वर पाहत.

"तुमच्या जोडीदाराला खालच्या ओढीने नेलं आहे," सोबती म्हणाला. "धरलेला आधार सोडू नका. खाली जाऊ नका."

हिरवा ठिपका पिवळा झाला. तो वेड्यासारखा धडधडत होता. खूप खाली, निळ्याचं काळं होतं तिथे, एक उजेड स्थिर झाला. कैवल्यला कपार सापडली होती. त्याने विजेरी वर रोखली आणि आडवी हलवू लागला. मला मदत हवी, असा त्याचा अर्थ. ही खूण दोघं एकत्रच शिकले होते.

मृण्मयीने एक हात सोडला.

"खाली जाऊ नका," आवाज जराही चढला नव्हता. "तुमच्या टाकीत दोघांना पुरेल एवढी हवा नाही. तुम्ही गेलात तर दोघंही परत न येण्याची शक्यता फार मोठी आहे. मृण्मयी, सई घरी आहे."

ते तिचेच शब्द होते. तिचा सुटलेला हात पुन्हा खडकावर गेला. तिने तो ठरवून ठेवला की तो आपोआप गेला, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

विजेरी हलत राहिली. नवल म्हणजे पिवळा ठिपका हळूहळू संथ झाला. तो शांत होतोय हे पाहून तिला वाटलं, त्याने काहीतरी ठरवलंय, तो आता वर येईल. तो आला नाही. उजेड तिथेच राहिला.

ओढ कमी झाल्यावर सोबती म्हणाला, "आता वर चला. सावकाश." तिची हवा संपत आली होती. ती वर निघाली. नांगराच्या दोरीपाशी तिला फिलोमिना खाली येताना दिसली. तिच्या चेहऱ्यावर सोबती नव्हता, रबराच्या कडा झिजलेला कुठला तरी जुना मास्क होता, आणि काखेत जादा टाकी. क्षणभर दोघी समोरासमोर आल्या. फिलोमिनाने खाली बोट दाखवलं, मृण्मयीने होकारार्थी मान हलवली. फिलोमिना गेली.

"त्या संरक्षणाबाहेर आहेत," सोबती म्हणाला. "त्यांच्यामागे जाऊ नका."

फिलोमिनाने त्याला वर आणलं, तेव्हा तो गेलेला होता. होडीत दशरथ त्याच्या छातीवर दाब देत राहिला. फिलोमिना फळीला टेकून बसली होती आणि स्वतःच्या मांड्या चोळत होती.

"दशरथा," ती म्हणाली, "माझे पाय खंय गेले?"

हेलिकॉप्टर खरंच ताबडतोब आलं. होडी बंदरात पोहोचेपर्यंत ते वाळूवर उतरलंही होतं. त्यातल्या माणसांनी कैवल्यला उचललं, मृण्मयीलाही तपासणीसाठी आत बसवलं. आत आणखी एका माणसाची जागा होती. दशरथ फिलोमिनाला पाठुंगळी घेऊन धावत आला, पण दारातल्या माणसाने हातातल्या पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "यांचं संरक्षण संपलंय. मी घेऊ शकत नाही, दादा. तुम्ही गाडीने निघा, लगेच निघा." तो माणूस वाईट नव्हता, त्याचे डोळे भरले होते. दार बंद झालं. मृण्मयी कैवल्यचा थंड हात धरून बसली होती. आपण उतरून जागा द्यायला हवी होती, हे तिला हेलिकॉप्टर उंच गेल्यावर सुचलं.

फिलोमिना दाबकोठडीपर्यंत पोहोचली तेव्हा फार उशीर झाला होता. कमरेखालचं अंग परत आलं नाही.

महिन्याभराने मृण्मयी तिला भेटायला गोव्याच्या इस्पितळात गेली. फिलोमिनानेच तिला खाटेवर शेजारी बसवून घेतलं.

"रडू नको गो. तू गेली असतंस तर तुकाय आणूचा लागला असता."

"तुम्ही का गेलात पण? तुम्हालाही त्याने अडवलंच असणार."

"अडवल्यान तर! सकाळपासून दोनदा उतरलंस, रगतात बुडबुडे आसत, जाव नको, म्हणालो. खराच सांगी होतो तो. मी मास्क काढून दशरथाच्या अंगार फेकलंय." तिने मृण्मयीचा हात धरला. "एक गोष्ट माका कळूक नाय. साहेबांच्या कमरेक शिशाचो पट्टो तसोच होतो. तो सोडलो असतो तर माणूस बुचासारखो वर येता. माझ्यासारखो लुळो झालो असतो कदाचित, पण वर इलो असतो. शिकवतंव ना आम्ही, काय नाय जमला तर शिसा सोडा. त्येंनी हातसुद्धा लावूक नाय. कित्याक?"

कैवल्य घाबरट नव्हता आणि विसराळूही नव्हता. उतरण्याआधी तो दरवेळी पट्ट्याचा चाप दोनदा उघडून पाहत असे. परतीच्या वाटेवर मृण्मयीला तो कमी कमी धडधडत गेलेला पिवळा ठिपका आठवत राहिला. कशाने शांत झाला होता तो?

तिने विमा कंपनीकडे कैवल्यच्या मास्कमधलं ध्वनिमुद्रण मागितलं. बरेच दिवस टाळाटाळ झाली. शेवटी पुण्यातल्या कचेरीत निनाद गुर्जर नावाच्या अधिकाऱ्याने तिला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, "तुम्ही ऐकू नये असं माझं मत आहे."

"लावा," ती म्हणाली.

आधी नुसता श्वास होता. धापा टाकणारा, घाबरलेला. मग तोच समजूतदार आवाज. "कैवल्य, कपार घट्ट धरा. वजनं सोडू नका. हळू श्वास घ्या. मृण्मयी येत आहे."

श्वास थोडा सावरला.

"मृण्मयी निघाली आहे. तिला तुमची विजेरी दिसते आहे. विजेरी हलवत राहा."

श्वास आणखी संथ झाला. मृण्मयीला तो ओळखू आला. झोपेत कूस बदलल्यावर तो असाच श्वास घेई. आवाज मधूनमधून तेच सांगत राहिला. ती येत आहे. थांबा. ती येत आहे. मग श्वास अडखळू लागला, तेव्हा गुर्जरने यंत्र बंद केलं.



"ते खोटं होतं," मृण्मयी म्हणाली.

"बाई, घाबरलेला माणूस पाण्याखाली हवा गटागटा पितो. कुणीतरी येतंय म्हटलं की तो शांत होतो आणि हवा पुरते. असल्या वाक्यांनी आजवर कितीतरी माणसं वाचली आहेत. वरून मदत वेळेत पोहोचेल असा सोबतीचा अंदाज होता."

"वरची मदत म्हणजे फिलोमिना. आणि तिलाही तो जाऊ नका म्हणत होता."

गुर्जरने टेबलावरचा पेला उगाच सरकवला. "तिच्या मास्कचं काम तिला वाचवणं. तुमच्या मास्कचं तुम्हाला. प्रत्येकाने आपापलं काम बरोबर केलं."

"त्याने शिसं सोडलं असतं तर?"

"त्या खोलीवरून झटक्यात वर येणारी बरीच माणसं मरतात."

"सगळी?"

"सगळी नाही," गुर्जर म्हणाला.

"आणि मी गेले असते तर?"

"तुम्ही दोघंही गेला असता. बहुतेक." तो तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. "बहुतेकच्या पुढे कुणालाच काही सांगता येत नाही. सोबतीलाही नाही."

नाकारलेल्या संरक्षणाबद्दल फिलोमिनाने कंपनीवर ग्राहक न्यायालयात खटला भरला. तिच्या बाजूने साक्ष द्यायला मृण्मयी उभी राहिली. कंपनीच्या वकिलाने विचारलं, सूचना मोडणं चूक होतं हे तुम्हाला मान्य आहे ना? तुम्ही स्वतः ती पाळलीत. ती म्हणाली, "मी पाळली म्हणूनच आलेय." निकाल अजून लागायचा होता. दरम्यान जोडविमा सक्तीचा झाला. आकडेवारी कंपनीच्या बाजूने होती आणि ती खोटी नव्हती. मृण्मयीला त्याचीच जास्त भीती वाटे.

सईला काय सांगायचं, हे ती रोज पुढे ढकलत होती. पण खटल्याची बातमी शाळेत पोहोचली. एका दुपारी सई दप्तर न काढताच दवाखान्यात आली. खुर्चीवर पेशंट नव्हता. ती आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "खरं खरं सांग."

मृण्मयीने सांगितलं. भिंत, ओढ, विजेरी. स्वतःचा खडकावर परत गेलेला हात तिने वगळला नाही. मास्क काय म्हणाला तेही सांगितलं, तिला काय आणि बाबांना काय. सांगताना ती लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत होती. ओरडेल, निघून जाईल, काहीही करेल, आणि तिने ते करावं असंच मृण्मयीला वाटत होतं.

सई रडली नाही. तिने ओठ घट्ट मिटले. टेबलाच्या कडेवर तिची बोटं बाबांसारखीच नकळत वाजली आणि थांबली.

"म्हणजे बाबांना शेवटपर्यंत वाटत होतं, तू येतेयस?"

मृण्मयीला 'हो' म्हणायचं होतं. तो एक दिलासा होता; बाबा अजिबात एकटे नव्हते, असं ती म्हणू शकली असती. पण तो दिलासा त्या आवाजाने आधीच वापरून टाकला होता. लेक वाट पाहत होती.

"आई," सईने पुन्हा विचारलं, "आता तू जे सांगशील, ते मी शांत राहावं म्हणून सांगशील, की खरं?"