सम्यक कंट्रोलमध्ये आहे

सम्यक 'कंट्रोलमध्ये' आहे, हे तुम्हीच सांगितलंत, साहेब. त्याचा अर्थ सांगायला मात्र तुमची जीभ जड झाली, आणि त्या एका शब्दावर त्याच्या आईने, सुंदराबाईंनी, परळच्या अख्ख्या चाळीला खीर वाटली.

सत्तावीस वर्षांच्या पोराच्या मेंदूत गाठ, कापून काढली तरी परत उठणारी. तुमच्या चाचणीत अर्ध्या रुग्णांना नेहमीची केमो, अर्ध्यांना केमोबरोबर नवं औषध. ज्यांना नवं औषध नाही, तो गट म्हणजे कंट्रोल. आईला वाटलं, आजार कंट्रोलमध्ये आला.

आणि ते औषध घडवणारे हात कुणाचे? त्याच्याच ताईचे. बाप गेल्यावर पीएचडी अर्धवट टाकून माया तुमच्या प्रयोगशाळेत लागली, भावाला शिकवलं, स्वतःचा संसार मांडायचा राहूनच गेला... सहा वर्षं ती रेणू जोडत होती, मोडत होती, पुन्हा जोडत होती. गाठीला आवर घालणारी जनुकं पेशीत असतातच, पण त्यांच्यावर झाकणं बसतात आणि ती मुकी होतात. मायाचं औषध ती झाकणं उघडायचं.

भावाच्या फाइलबद्दल घरी चकार शब्द काढणार नाही, असं तुम्ही तिच्याकडून लिहून घेतलंत. खिरीची वाटी हातात आली तेव्हा आईचा गैरसमज तिच्या लक्षात आला... पण चार महिन्यांनी आई हसली होती. तिने ती खीर संपवली.

काल संध्याकाळी सम्यकच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. सुंदराबाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "माया, महिना उलटला, मी एकटीच स्कॅनचा रिपोर्ट आणायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, प्रोग्रेशन आहे. प्रोग्रेस आहे, तर हात का चालत नाही गं त्याचा?"

"आई... प्रोग्रेशन म्हणजे गाठ वाढली."

"आणि कंट्रोल?"

मायाने सांगितलं. सुंदराबाईंच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं.

"म्हणजे जगासाठी औषध करतेस तू, आणि माझं पोर तसंच? हे माहीत असून माझ्या हातची खीर खाल्लीस?"

"तू हसत होतीस गं..."

"मग रडवायचं होतंस मला!"

"आणि तू? महिनाभर रिपोर्ट लपवलास."

"तुझी नोकरी जाईल म्हणून. तूच म्हणालेलीस, फाइलचं काही विचारू नका."

कॉटवरून सम्यक बोलला, शब्द जरा अडखळत. "कंट्रोलचं मला ठाऊक होतं, ताई. मोबाइलवर बघितलेलं. वर दोन वाट्या खीर हाणली. आईचा मूड कशाला घालवायचा?"

सुंदराबाई उठल्या आणि मायाचं डोकं त्यांनी छातीशी ओढलं. किती वर्षांनी... "तिघंही एकमेकांना जपत बसलो, आणि गाठ वाढत गेली," त्या म्हणाल्या. मायाला त्या मिठीत पहिल्यांदाच मोठेपणाचं ओझं उतरवून रडता आलं.

आज सकाळी मायलेकी तुमच्या ऑफिसात आल्या. टेबलामागचा माणूस म्हणाला, "कंट्रोलमधल्याची गाठ वाढली तर नवं औषध मागता येतं. पण तीस दिवसांत. तुमचे पस्तीस झाले."

"हे लिहिलंय कुठं?" मायाने विचारलं.

"नियमावलीच्या आमच्या प्रतीत."

तुमच्या प्रतीत! जो मरतोय त्याच्या हातात दिलेल्या कागदात ही अट नव्हती, साहेब. मायाने तिथंच अर्ज लिहिला, खाली रुग्णाची बहीण म्हणून सही केली. दिलेला शब्द तिने मोडलाय, तिची नोकरी घ्यायची तर खुशाल घ्या. सुंदराबाई तुमच्या केबिनसमोरच्या बाकावर बसल्यात आणि उठणार नाहीत.

औषध वरच्या मजल्यावर कपाटात आहे. पोर जिवंत आहे. अर्ज तुमच्या टेबलावर आहे. त्याला ते देता की नाही? नाही म्हणायचं असेल तर बाहेर या, आणि त्याच्या आईच्या डोळ्यांत बघून सांगा, का?