जागी बाजू

दुपारची जेवणं आटोपली, तसं शिवणकामवाल्या बाईने मशीनवर कापड टाकलं आणि ती आरशासमोर रोजच्या व्यायामाला बसली. दाढा आवळायच्या, हसायचं, सोडायचं. पुन्हा आवळायच्या.

कानामागची गाठ काढली तेव्हापासून तिचा डावा गाल लुळा पडला होता. जिवावरचं चेहऱ्यावर निभावलं, असं सगळे म्हणाले. लोकांचं काय, दुसऱ्याचं बरं झालं की तेही तोंड वाकडं करतातच. तिला त्याचं काही वाटलं नसतं. पण पाच वर्षांची लेक, तिची ठमी, तिला भिऊ लागली. घास भरवायला गेलं की बाबांच्या मागे लपायची. मांडीवर तर येईनाच. ते मात्र बाईच्या जिव्हारी लागलं, आणि तिने दुसरं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी जबड्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूची एक फांदी गालाच्या निकामी तंतूला जोडून दिली.

"घाई करू नका," त्या म्हणाल्या होत्या. "तंतू मुंगीच्या पावलांनी वाढतो. आधी दाढा आवळल्या तरच गाल हलेल. न आवळता हसणं फार उशिरा जमतं. कुणाकुणाला जमतही नाही."

आज ओठाचा डावा कोपरा थरथरला आणि अलगद वर चढला. बाईला रडूच कोसळलं.

"ठमे, ये गं लवकर! बघ, आई हसतेय!"

ठमी दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"तू नको हसूस," ती म्हणाली. "तुला नाही येत. ती छान हसते."

"ती... कोण गं?"

ठमीने लांबूनच आईच्या डाव्या गालाकडे बोट केलं. "तू दुपारी झोपलीस ना, की ती उठते. मला गोष्ट सांगते. झोप ना आई... तू जागी असलीस की ती येतच नाही."

पोरीचं खूळ, दुसरं काय, असं बाईने मनाला बजावलं. पण पोरीच्या तोंडावर भीती नव्हती, ओढ होती, आणि ती आपल्यासाठी नाही हे तिला सोसवेना. ती पलंगावर आडवी झाली. पडद्यातून पिवळं ऊन झिरपत होतं, मशीनच्या तेलाचा वास येत होता, पंखा संथ घरघरत होता. तिने डोळे मिटले आणि झोपेचं सोंग घेतलं.

दाढा सैलच होत्या. तरी डावा गाल हळूहळू ऊन झाला. मग डावी पापणी उघडली. तिने उघडली नव्हती.

त्या एका डोळ्याने तिला दिसलं, ठमी हात पसरून धावत येतेय.

पोर कुशीत शिरली, गळ्यात पडली. किती महिन्यांनी! बाईला किंचाळावंसं वाटलं. पण किंचाळलं तर लेक पळून जाईल. तिने उजवा डोळा आणखी घट्ट मिटला आणि तो इवलासा ऊबदार भार छातीवर घेऊन ती निपचित पडून राहिली. सुखाने तिला गुंगी येऊ लागली.

ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून कुजबुज सुरू झाली. आवाज तिचाच होता, शब्द मात्र तिला कळत नव्हते. ठमीला कळत होते. ती खुदकन हसली, मग वाकून आईच्या उजव्या डोळ्याकडे निरखून पाहू लागली.

"हो, झोपलीये," ती हळूच म्हणाली. "मग आता... कधीच नाही उठवायचं?"

बाईने घाबरून उजवा डोळा उघडायला पाहिलं. पापणी हलेना.