दोन मिनिटं आमची

त्याने दिवे मालवले तेव्हा मी कोपरापर्यंत फेसात होते.

"अहो, माणूस आहे आत," मी चर्चच्या किचनमधून ओरडले.

दिवे लागले. दारात चर्चचा केअरटेकर उभा... निळा युनिफॉर्म, पावसाने भिजलेले खांदे, हातात किल्ल्यांचा जुडगा. "माफ करा. चार वाजले, मला वाटलं सगळे गेले."

तो मराठीत बोलला हे माझ्या डोक्यात जरा उशिराच शिरलं.

"तुम्ही मराठी आहात?"

"पाच महिने दर रविवारी तुमच्या मंडळीला दार उघडून देतोय. विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मला लाज वाटली. या परक्या देशात आपली भाषा कानावर पडावी म्हणून आम्ही तासभर बसने येतो, दुसऱ्यांच्या चर्चमध्ये दोन ते चार गळा फाडून गातो, आणि दारातला आपला माणूस आम्हाला दिसत नाही. युनिफॉर्म तेवढा दिसतो.

"मग आत येऊन का नाही बसत?"

"बोलावलं तर येईन ना. बाहेरून ऐकतो. तुमचा आवाज ओळखतो मी... तिसऱ्या कडव्याला तुम्ही सगळ्यांच्या पुढे पळता."

"सकाळी सहापासून ड्युटी करून आलेली असते. पळणारच."

"मग कपांनाच एवढा वेळ का?"

"पुसायला कोणी नसतं."

त्याने किल्ल्या खिशात टाकल्या आणि खुंटीवरचं फडकं घेतलं.

त्यानंतर दर रविवारी मी धुवायची, तो पुसायचा. सगळ्या कपांचे कान एका बाजूला. एखादा कप देताना बोटाला बोट लागायचं आणि दोघंही त्या कपाकडे असं बघायचो, जणू चूक त्याचीच. अहोचं अरे कधी झालं ते कळलंच नाही.

"रविवार सोडून तुला कुठला वार चालतो?" एकदा त्याने बशीला विचारावं तसं विचारलं.

"सगळे," मी म्हणाले. जरा थांबायला हवं होतं... पण नाही थांबले.

आता घरचं सांगते. मला इथे आणलं ताईने. भावजी आमच्या मंडळीचे सेक्रेटरी. मी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, भरवते, त्यांची नखं कापते; भावजी लोकांना सांगतात, मेव्हणी मेडिकलमध्ये आहे. माझ्यासाठी त्यांनी एक बँकवाला हेरला होता. तो उपासनेला नेहमी उशिरा यायचा, म्हणून ताई माझ्या शेजारी पर्स ठेवून त्याची जागा धरायची.

कोणीतरी आम्हाला बस स्टॉपवर एका छत्रीत पाहिलं आणि घरी पोचायच्या आत बातमी पोचली.

"कुलपं लावणारा माणूस? आपल्या घरात?" भावजी म्हणाले.

"भावजी, मीही लोकांची अंथरुणंच बदलते."

"हळू बोल. भिंती पातळ आहेत."

मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. चर्चच्या ऑफिसला पत्र लिहायचं : केअरटेकर वेळेत दार बंद करत नाही, आमच्या मुलींशी लगट करतो, त्याला दुसरीकडे हलवा. इथली भाषा माझी चांगली म्हणून मंडळीची सगळी पत्रं मीच लिहायची. "हेही तूच लिही," ते म्हणाले, "म्हणजे विषय तुझ्याच हाताने मिटेल." आणि मंडळीच्या नावाने जाणारं पत्र आधी सगळ्यांसमोर वाचायचं, मग हात वर करून मत घ्यायचं, हा नियम भावजींचाच. "वाचशीलही तूच."

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली. मला तिचा फार राग आला.

त्याला फोन केला. तो म्हणाला, "हलवलं तर जाईन मी. तू घरात वाईट होऊ नकोस."

"मी वाईट व्हायचं की नाही ते मी ठरवीन," म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी उपासनेच्या शेवटी सूचनांची वेळ झाली. मी पुढे गेले. हातातला भावजींचा कागद अजून कोराच होता. तो घडी करून मी बोलायला लागले.

"चर्चचं दार चारऐवजी चार दहाला बंद होतं. कारण आपण साठ माणसं चहा पितो आणि कप तिथेच टाकून घरी जातो. ते मी धुते आणि केअरटेकर पुसतात. ते त्यांचं काम नाही. दहातली आठ मिनिटं तुमच्या कपांची. दोन मिनिटं आमची. ते माझ्याशी लगट करत नाहीत, मला ते आवडतात आणि मी त्यांच्याशी लग्न करणार आहे. त्यांना हलवावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

पाळकसाहेब खोकले. बँकवाला त्या दिवशीही अजून आलेला नव्हता. भावजींचा हात वर गेला, एकटाच. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्याच हाताने केस सारखे केले.

मी मधल्या वाटेने सरळ दारापर्यंत गेले आणि दार उघडलं. तो बाहेरच उभा होता, कानापर्यंत लाल. सगळं ऐकलं होतं त्याने.

"लग्नाचं मला आधी सांगितलं असतंस तर..." तो पुटपुटला.

"नको आहे?"

"असं कोण म्हणालं?"

"मग आत ये. बोलावतेय."

त्याने किल्ल्यांचा आवाज होऊ नये म्हणून खिसा दाबून धरला आणि माझ्या मागोमाग आला. साठ माना आमच्याबरोबर वळत होत्या. आमच्या बाकाशी आले तर माझ्या जागेशेजारी ताईची पर्स. भावजी ताईकडे बघत होते, मीही. ताईने कोणाकडेच पाहिलं नाही. तिने पर्स उचलली, मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली.

"बसा," ती त्याला म्हणाली. "आज कप मी धुते."

शेवटचं गीत सुरू झालं. तिसऱ्या कडव्याला मी पळाले नाही. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. त्याने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बसून राहिला.