उल्कावेधचा सल्ला

"यंदा जागू नका," असा निरोप जत तालुक्यातल्या साडेचारशे फोनांवर दुपारी एकाच वेळी आला, आणि हेमलता बिराजदारांची तव्यावरची भाकरी करपली.

जागायचं की नाही, हा निरोप सव्वीस वर्षं त्या देत आल्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता नोव्हेंबरमधल्या सिंह उल्कावर्षावाची पहाट त्याच ठरवायच्या. चंद्र कधी मावळतो, ढग कुठून चढतात, कुठल्या माळावर जमायचं, की यंदा नकोच. लोक वाटेत थांबवून विचारायचे, "बाई, यंदा कधी?"

यंदा कुणी विचारलं नव्हतं. आता 'उल्कावेध' हा संगणक प्रोग्राम होता. धूमकेतूनं मागे सोडलेल्या धुळीचे पट्टे उपग्रहावरून मोजायचे, त्यांना हवामानाची जोड द्यायची आणि गावागणिक ताशी किती उल्का दिसतील ते सांगायचं, हे त्याचं काम. यंदाचा आकडा होता सात. एवढ्यासाठी त्यानं आपले कॅमेरेही चालू ठेवले नव्हते.

तो घडवला होता केतकी हिप्परकरनं. बाईंचीच विद्यार्थिनी. आकाशातला सिंह तिला बोट धरून दाखवला होता तो बाईंनीच.

संध्याकाळी तिचा फोन आला. "बाई, गारठा फार आहे. उगाच जाऊ नका."

"सगळेच घरी बसले, तर आकडा चुकल्याचं तुला कळणार कसं?"

केतकी हसली. "तुम्ही अजून तशाच पेचात पकडता."

ते हसू बाईंना झोंबलं. मुलीचं नाव झालं याचा आनंद मानायला हवा, हे कळत होतं. पण मनातली जळजळ काही ऐकत नव्हती.

पहाटे तीनला त्या एकट्याच माळावर गेल्या. अर्धा तास काहीच नाही. मग एक हिरवट रेघ, लगेच दुसरी, आणि बघता बघता आभाळ उसवल्यासारखं झालं. तासाभरात एकशे बारा! उपग्रहालाही न सापडलेला पट्टा पृथ्वी ओलांडत होती. बाई आनंदानं ओरडल्या. पण पाठोपाठ मनात आलं, हे केतकीला कळता कामा नये. तिचा आकडा चुकू दे. दरसाल चुकू दे.

सकाळी केतकीनं विचारलं, "गेला होतात ना? किती दिसल्या?"

"पाच."

"म्हणजे बरोबरच आलं. एक सांगायचं राहिलं होतं, बाई. उल्कावेधला मी पहिल्यांदा तुमच्या सव्वीस वर्षांच्या नोंदींवरच शिकवलं. हजार जणांनी काही म्हटलं आणि तुम्ही वेगळं म्हटलंत, तर तो तुमचं धरतो. तुमचा हा पाचचा आकडा त्याच्याकडे गेला, की पुढची कित्येक वर्षं या पहाटे तो कुणालाच उठवणार नाही."

बाईंनी नोंदवहीतल्या एकशे बारावर तळहात ठेवला.

"मग, बाई," केतकी म्हणाली, "नोंद पक्की करू ना?"