पाच बोटांची सावली

निर्वीने हात पुढे केला. खाली चिखलावर पाच बोटांच्या जागी एक पुसट डाग पडला. दुपारचे बारा. आकाशात ढग नाही. मग बोटं गेली कुठे?

तिच्या आजाचं, म्हणजे हिराजी म्हात्रेंचं, खाडीकाठी, गावच्या सोसायटीच्या जागेवर, मिठागर होतं (खारं पाणी उथळ वाफ्यांत सुकवून मीठ काढायची जागा). आजाचा नियम ठरलेला. हाताची पाचही बोटं सावलीत वेगवेगळी दिसली, की ऊन पक्कं झालं. मगच वाफ्यात पाणी सोडायचं. यंदा मार्च संपला तरी तो थांबलेलाच. पावसाआधी मिठाची रास लागली नाही, तर गावची सोसायटी ही जागा कोळंबीच्या तळ्यांना देणार होती.

"अरे टोपल्या, ऊन चोरलंस काय?" आजाने विचारलं.

टोपल्या म्हणजे ऊन मोजायला आलेला रोबो. डोकं उलट्या टोपलीसारखं.

"चोरलं नाही, विखुरलं," तो म्हणाला. "पृथ्वी फार तापली होती. म्हणून दोन वर्षांपासून विमानं स्थितांबरात (ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात) बारीक कण सोडतायत, यंदा सगळ्यात जास्त. काही ऊन त्यांच्यावरून परत अवकाशात जातं. पृथ्वी झटकन गार झाली. पण उरलेलं ऊन कणांना धडकत चारी बाजूंनी येतं. एका दिव्याने सावली ठळक पडते. खोलीत दहा दिवे लावले तर?"

"पुसट," निर्वी म्हणाली. "आणि ऊन कमी, म्हणून पाणी पण सावकाश सुकणार."

"बरोबर."

"मग थांबवा ना ती विमानं! आजच!"

"कण दोनेक वर्षांत खाली बसतील. पण उष्णता अडकवणारा कार्बन डायऑक्साइड हवेतच आहे. कणांची ही छत्री एकदम मिटली, तर चाळीस वर्षांत वाढलेली उष्णता पाच-सहा वर्षांत परत येईल. झाडांना, माशांना इतक्या लवकर जुळवून घेता येत नाही. आधी तो वायू काढायचा, छत्री हळूहळू मिटायची."

"घाईत उघडली, आता घाईत मिटताही येत नाही. मिठाचा विचार कुणी केला होता?" निर्वीने विचारलं.

"छत्रीचा परिणाम कशाकशावर होईल, त्या यादीत मीठ नव्हतं."

आजाने आपल्या हाताकडे पाहिलं. "म्हंजे मी दीड महिना उगाच बोटं बघत बसलो?"

"हो."

"जरा गोड बोलायला नाय शिकवलं का रे तुला?"

निर्वी वाफ्याकडे बघत होती. "आजा, पाणी निम्मंच सोडू. पातळ थर लवकर सुकेल."

"मीठही निम्मंच येईल," टोपल्या म्हणाला.

"येऊ दे. रास केवढी पाहिजे, ते सोसायटीने कुठे सांगितलंय?"

आजा मोठ्याने हसला आणि पाणी सोडायला उठला.

मेच्या शेवटी रास लागली. निर्वीच्या गुडघ्याएवढी. सोसायटीची माणसं आली, हसली, नोंद करून गेली. जागा आणखी वर्षभर आजाकडे राहिली.

"यादीत मीठ घातलंय," टोपल्याने सांगितलं. "छत्री दरवर्षी थोडी कमी करतायत."

"पाच बोटं दिसायला किती वर्षं?" आजाने विचारलं.

"अंदाजे तेरा."

आजाने मनात आपल्या वयाचा हिशोब केला. मग निर्वीचा हात धरून बांधाच्या फळीवर ठेवला आणि कोळशाने पाचही बोटांभोवती रेघ ओढली.

"टोपल्या, यापुढे उन्हाचं माप या हाताचं."